कुल्फी आणि थंडीची साधने : एका घरगुती पदार्थाचा इतिहास

१

कुल्फी हा पदार्थ आज सामान्य गृहिणीच्या आवाक्यातला आहे. दूध आटवावे, साखर, वेलदोडा, केशर, पिस्ते घालून ते साच्यांत भरावे आणि रात्री शीतकपाटात ठेवावे, म्हणजे सकाळी कुल्फी तयार होते. कृती इतकी सोपी झाल्यामुळे तिचा इतिहासही सोपा असावा, असा समज रूढ झाला आहे. अकबराच्या पाकशाळेत कुल्फी होत असे आणि ‘आईन-इ-अकबरी’त तिचे वर्णन आहे, एवढ्या एका वाक्यात तो बहुधा आटोपला जातो. या वाक्याला आधार किती आहे, आणि हा पदार्थ राजवाड्यातून घरात कोणत्या मार्गाने आला, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. दोहोंचे उत्तर पाककृतीत फारसे सापडत नाही. ते थंडी निर्माण करण्याच्या साधनांच्या इतिहासात शोधावे लागते.

कुल्फीत दोन क्रिया आहेत. दूध आटवणे ही पहिली आणि आटलेले दूध गोठवणे ही दुसरी. पहिली क्रिया आपल्याकडे फार जुनी आहे. बासुंदी, रबडी आणि खवा हे तिचेच निरनिराळे टप्पे होत, आणि चूल, कढई व सतत ढवळणारा हात यांखेरीज तिला काही लागत नाही. दुसऱ्या क्रियेला मात्र गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाणारी थंडी लागते. उष्ण प्रदेशात अशी थंडी आपोआप मिळत नाही. ती कोठून तरी आणावी लागते किंवा निर्माण करावी लागते. म्हणून कुल्फीचा इतिहास पाहताना प्रत्येक कालखंडाला एकच प्रश्न विचारावयास हवा : थंडी कोठून आली आणि ती आणण्याचे श्रम कोणी केले?

२

अबुल फज्लच्या ग्रंथातील आबदारखान्याचे प्रकरण या दृष्टीने मूळातून पाहण्यासारखे आहे. त्यात पाणी गार करण्याची रीत दिली आहे. एक शेर पाणी जस्ताच्या, रुप्याच्या किंवा तत्सम धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावयाचे. दुसऱ्या भांड्यात अडीच शेर शोरा आणि पाच शेर पाणी घ्यावयाचे आणि त्या मिश्रणात सुरई सुमारे पाव तास फिरवावयाची. एवढ्याने आतील पाणी थंड होते. बंदुकीच्या दारूत जो शोरा आग निर्माण करतो तोच येथे गारवा देतो, या विरोधाचे अबुल फज्लला कौतुक वाटलेले दिसते. पुढच्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्निये यानेही शोऱ्याने पाणी गार करण्याची ही चाल नोंदविली आहे.

याच प्रकरणात बर्फाचीही माहिती आहे. इलाही सनाच्या ३० व्या वर्षी, म्हणजे १५८५-८६ मध्ये, बादशाही मुक्काम पंजाबात गेला, तेव्हापासून बर्फ वापरात आले. लाहोरपासून सुमारे पंचेचाळीस कोसांवरील उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून ते नावेने, गाडीने आणि माणसांच्या खांद्यावरून येत असे. या कामावर दहा नावा होत्या. प्रत्येक नावेवर चार नावाडी असत आणि रोज एक नाव राजधानीला पोहोचे. गाडीच्या मार्गावर घोडे बदलण्याचे चौदा टप्पे होते. उन्हाळ्यात सर्व थरांतील लोक बर्फ वापरीत आणि उमराव ते वर्षभर वापरीत, असेही ग्रंथकार सांगतो.

एवढ्या बारकाव्याने लिहिणाऱ्या ग्रंथात या ठिकाणी दुधाचा किंवा गोठविलेल्या मिष्टान्नाचा उल्लेख नाही. पाककृतींच्या प्रकरणात तीन वर्गांत मिळून तीस पदार्थ दिले आहेत. त्यांत शीरबिरिंज आहे, हलवा आहे, खिचडी आहे. गोठविलेला पदार्थ एकही नाही. अनुल्लेख हा अभावाचा पुरावा होत नाही, हे खरे. तथापि ग्रंथात जे नाही ते त्याच्या नावावर खपविणे हेही इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

३

या ठिकाणी रसायनशास्त्राचे साहाय्य घेणे उपयुक्त ठरते. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. आईनमधील प्रमाणात त्यामुळे उन्हाळ्यातील पाण्याचे तापमान अदमासे पंधरा अंशांनी उतरू शकते. पिण्याच्या पाण्याला एवढे पुष्कळ झाले. पण त्याने पाणी गोठत नाही, मग दूध कोठून गोठणार? शोरा बर्फात मिसळला तरी त्या मिश्रणाचे तापमान शून्याखाली जेमतेम तीन अंश सेल्सिअसपर्यंतच जाते. साधे मीठ आणि बर्फ यांच्या मिश्रणाची सीमा मात्र उणे २१ अंश आहे.

आता आटीव दुधाकडे पाहू. दोन लिटर दूध आटवून तिसऱ्या हिश्श्यावर आणले आणि त्यात सुमारे शंभर ग्रॅम साखर घातली, तर ते गोठू लागण्यासच शून्याखाली तीन अंशांच्या आसपास जावे लागते, कारण दुधातील क्षार, दुग्धशर्करा आणि वरून घातलेली साखर ही सर्व गोठणबिंदू खाली ओढतात. साच्यातून अखंड बाहेर पडेल इतकी घट्ट कुल्फी हवी असेल, तर उणे दहा किंवा त्याहून कमी तापमान लागते. याचा अर्थ असा की, केवळ शोऱ्याने कुल्फी होणे शक्य नाही. तिला बर्फ हवे आणि बर्फाबरोबर मीठ हवे. आबदारखान्यातील शोऱ्याच्या सुरईवरून कुल्फीचे अनुमान काढता येत नाही ते यामुळेच. १५८५ नंतरच्या लाहोरात बर्फ होते आणि मीठ तर होतेच; म्हणून तेथे असा पदार्थ होणे शक्य होते, इतकेच म्हणता येते. शक्यता आणि सिद्धता यांत जे अंतर आहे ते पुराव्यानेच भरून निघते.

असा पुरावा पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी स्पष्ट स्वरूपात मिळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी हिंदुस्थानात बर्फ कसे तयार करतात यावर लिहिलेला एक लेख १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अलाहाबाद भागात जमिनीत तीस फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डे करून त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत. त्यावर बिनझिलईची उथळ, सच्छिद्र मातीची ताटल्यांसारखी भांडी मांडून संध्याकाळी त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतीत. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र आणि निवांत रात्री त्यावर बर्फ धरे. ढग आले किंवा वारा सुटला की काम फसे. पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी ते गोळा करून चौदा-पंधरा फूट खोल, गवत आणि जाडीभरड्या कांबळ्यांनी मढविलेल्या खड्ड्यात कुटून ठेवीत, आणि तेच उन्हाळ्यात काढीत.

बार्कर यांच्या लेखाचा शेवटचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सरबत, साय किंवा जे काही गोठवावयाचे असेल ते शंकूच्या आकाराच्या, पातळ पत्र्याच्या रुप्याच्या पेल्यांत भरीत. एका पेल्यात सुमारे अर्धा लिटर मावे. त्यांची झाकणे कालविलेल्या पिठाने घट्ट लिंपीत आणि ते पेले बर्फ, शोरा आणि साधे मीठ यांनी भरलेल्या मोठ्या भांड्यात बसवीत. शोरा आणि मीठ समप्रमाणात असे, आणि थोडे पाणीही घालीत. पदार्थ लवकरच युरोपातील आइस्क्रीमसारखा गोठे, असे बार्कर सांगतात. त्यांनी ‘कुल्फी’ हे नाव दिलेले नाही; पण शंकूचा आकार, पिठाने बंद केलेले तोंड, बर्फ आणि मीठ ही चारही लक्षणे येथे एकत्र आली आहेत. मिश्रणातील शोरा हा जुन्या आबदारी परंपरेचा अवशेष होता. खरे काम शेजारचे मीठ करीत होते.

४

नावाकडे वळल्यास हीच गोष्ट भाषेतूनही पुढे येते. अरबी ‘कुफ्ल’ म्हणजे कुलूप. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मराठीने त्यातील वर्णांची अदलाबदल करून ‘कुलूप’ केले, आणि उत्तरेकडील बोलींत झाकणबंद पेल्याला ‘कुल्फी’ म्हणू लागले. जुन्या मराठीत ‘कुलपी गोळा’ असा शब्दप्रयोग आहे. आत दारू भरून तोंड बंद केलेला पोकळ तोफगोळा असा त्याचा अर्थ. म्हणजे ‘कुल्फी’ हे मूळात खाद्याचे नाव नसून बंद भांड्याचे नाव होय. पदार्थाला त्याच्या घटकांवरून नाव न पडता साच्यावरून पडले, यावरून लोकांच्या दृष्टीने त्यातील नवल कशात होते ते कळते. दूध सर्वांच्या ओळखीचे होते. मिठाचे पाणी आत शिरू न देता थंडी आत नेणारे ते कुलूपबंद भांडे नवे होते.

५

एकोणिसाव्या शतकात या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. अलाहाबादची रीत कोरड्या हवेत आणि स्वच्छ आकाशाखालीच चालणारी होती. मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर ती चालणे अशक्य होते. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्युडर यांच्या गोठलेल्या तळ्यांतील बर्फाच्या व्यापाराने ही अडचण दूर केली. ‘टस्कनी’ हे जहाज मे १८३३ मध्ये सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होते. लवकरच मुंबई आणि मद्रास येथेही बर्फाची कोठारे उभी राहिली. मद्रासचे कोठार १८४२ चे असून ती इमारत आजही उभी आहे. मुंबईत बर्फ आल्यावर सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि नंतर यजमान व पाहुणे यांना सर्दी झाली, अशी हकीकत मुंबईविषयक लेखनात वारंवार सांगितली जाते. तिच्या तपशिलाची शहानिशा कशीही होवो, गोठविलेला पदार्थ त्या काळी किती अपूर्व आणि किती संशयास्पद वाटत होता हे तीतून दिसते.

तथापि जहाजाचे बर्फ हे मुख्यतः श्रीमंत शहरवासीयांसाठी होते. ते सामान्यांपर्यंत पोहोचले ते यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर. कलकत्त्यात १८७८ मध्ये बेंगाल आइस कंपनी निघाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकन बर्फाचा व्यापार संपला. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून नेता येऊ लागली, तेव्हा कुल्फीवाला रस्त्यावर आला. मोठे मडके, त्यात फोडलेले बर्फ व खडे मीठ, आणि त्यात उभे रोवलेले पत्र्याचे शंकू हे त्याचे भांडवल. बार्कर यांच्या रुप्याच्या पेल्याची जागा पत्र्याने घेतली होती, पण कणकेने तोंड बंद करण्याची रीत तीच राहिली. राजवाड्यातील साधन स्वस्त धातूत उतरले आणि शोरा मिश्रणातून गळाला, हा बदल मोठा आहे.

याच काळात घरातही दुसरे एक यंत्र आले. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांना १८४३ मध्ये हाताने फिरविण्याच्या आइस्क्रीमयंत्राचे पेटंट मिळाले होते. लाकडी बादली, तीत धातूचा डबा, डब्यात पाते आणि वर दांडा अशी त्याची रचना. महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात ते ‘पॉट’ या नावाने रूढ झाले. उन्हाळ्याच्या सुटीत पॉट भाड्याने आणावयाचा, बर्फाची लादी फोडावयाची, आंब्याचा रस आणि आटीव दूध घालावयाचे आणि मुलांनी पाळीपाळीने दांडा फिरवावयाचा, हा अनेक घरांतील वार्षिक सोहळा होता. परंतु पॉटातील आइस्क्रीम ढवळत गोठते, त्यात हवा मिसळते, म्हणून ते मऊ व हलके होते. कुल्फी न ढवळता गोठते. तिचा दाटपणा ढवळण्यातून येत नसून आटवण्यातून येतो. म्हणून पॉट आला तरी कुल्फी नाहीशी झाली नाही. दोन्ही पदार्थ बर्फ आणि मीठ यांच्याच आधाराने शेजारी नांदले.

६

घरातील शेवटचा बदल शीतकपाटाने, म्हणजे लोकभाषेतील फ्रिजने, घडविला. गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये देशी शीतकपाटाचे उत्पादन सुरू केले. ते मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसू लागण्यास मात्र आणखी काही दशके जावी लागली. आटविण्याच्या कामातही बदल झाला. गेल बोर्डेन यांना अमेरिकेत १८५६ मध्ये दूध आटवून टिकविण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले होते. भारतात नेस्ले कंपनीचा मोगा येथील कारखाना १९६१ मध्ये सुरू झाल्यावर साखर घातलेले आटीव दूध डब्यातून मिळू लागले. पुढे दूधभुकटीही सहज मिळू लागली. कुल्फीच्या दोन्ही क्रिया अशा रीतीने घराबाहेरच्या यंत्रांकडे गेल्या, आणि आज ‘घरच्या घरी सोपी कुल्फी’ म्हणून जी कृती सांगितली जाते ती याच दोन यंत्रांवर उभी आहे.

या सोपेपणाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, सोपी रीत प्रत्येक बाबतीत सरस असतेच असे नाही. शीतकपाटातील थंडी साच्याला हवेतून मिळते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणून उणे १८ अंशांच्या खणातही कुल्फी घट्ट होण्यास सहा ते आठ तास लागतात, आणि गोठणे जितके मंद तितके बर्फाचे कण मोठे होतात. मडक्यातील मिठाचे थंड पाणी पत्र्याला सर्व बाजूंनी भिडलेले असल्याने तेच काम एक-दोन तासांत उरकते आणि कण बारीक राहतात. शीतकपाटातील कुल्फी करकरीत होऊ नये म्हणून दूध अधिक आटवावे लागते, खवा किंवा थोडे मक्याचे पीठ घालावे लागते. डब्यातील दुधात साखर मूळचीच भरपूर असते. ते साधे दूध न मिसळता वापरले, तर गोठणबिंदू इतका खाली जातो की जुन्या शीतकपाटाच्या लहानशा बर्फखणात कुल्फी घट्ट होतच नसे.

जुनी रीत आजही घरी करून पाहणे कठीण नाही. दोन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर ढवळत, कडेची साय खरवडून आत घेत, पाऊण लिटरच्या आत आणावे. शंभर ग्रॅम साखर आणि वेलदोडा घालून ते पूर्ण निवू द्यावे. साचे वर बोटभर जागा ठेवून भरावेत आणि झाकणाची कड घट्ट कणकेने लिंपावी. मडक्यात चार भाग फोडलेले बर्फ आणि एक भाग खडे मीठ यांचे थर द्यावेत, त्यात साचे गळ्यापर्यंत रोवावेत, वर ओले गोणपाट टाकावे आणि मडके अधूनमधून हलवीत राहावे. एक किलो आटीव दुधातील उष्णता काढून घेण्यास हिशेबाने एक किलोच्या आसपास बर्फ पुरावयास हवे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून तीन-चार किलो लागते. हा प्रयोग इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही बोधप्रद आहे. मिठाऐवजी तेवढाच शोरा घालून दुसरे मडके ठेवले, तर आबदारखान्याच्या प्रकरणातून कुल्फी का निघत नाही हे लिखित युक्तिवादावाचूनही पटेल.

दुसरी गोष्ट श्रमांची. लाहोरच्या मार्गावरील नावाडी व हमाल, अलाहाबादच्या खड्ड्यांवर थंडीच्या रात्री पाणी ओतणारे आणि पहाटे बर्फ वेचणारे मजूर, मडके डोक्यावर घेऊन फिरणारा कुल्फीवाला, तासभर कढईपुढे उभी राहणारी गृहिणी आणि पॉटाचा दांडा फिरविणारी मुले, या सर्वांच्या श्रमांवर हा पदार्थ वेळोवेळी उभा राहिला. प्रत्येक नव्या साधनाने एकाचे श्रम कमी केले आणि बहुतेक वेळा ते दुसरीकडे, दृष्टीआड नेले. अबुल फज्लने नावाड्यांची संख्या आणि घोडे बदलण्याचे टप्पे लिहून ठेवले म्हणून त्याच्या काळातील श्रम आज मोजता येतात. अलाहाबादच्या मजुरांच्या कामाचे तपशील बार्कर यांच्यामुळे कळतात, नावे मात्र कळत नाहीत. घरातील कढईपुढच्या श्रमांची नोंद तर त्याहूनही विरळ आहे, आणि कुल्फीचा सर्वाधिक भाग तेथेच घडत आला आहे.

तात्पर्य असे की, कुल्फीच्या इतिहासाचा आरंभ अकबराच्या आबदारखान्यात दाखविण्यास आईनचा आधार नाही. तेथे शोऱ्याचे गार पाणी आहे आणि डोंगरातून आणलेले बर्फ आहे. येथे विचारात घेतलेल्या साधनांपैकी बर्फ, मीठ आणि पिठाने बंद केलेला शंकू ही सर्व प्रथम एकत्र दिसतात ती १७७५ च्या लेखात. या दोन टोकांमधील एकशेनव्वद वर्षांच्या अवधीत बर्फात मीठ घालण्याची युक्ती या देशात कोणाच्या हाती, कोणत्या शहरात रुळली, हा या विषयातील खरा संशोधनाचा प्रश्न होय. त्याचे उत्तर फारसी पाकग्रंथ, खाजगी दफ्तरांतील खर्चाच्या याद्या आणि प्रवाशांची वर्णने एकत्र वाचूनच मिळू शकेल. कोठीच्या यादीत शोऱ्याशेजारी बर्फ आणि बर्फाशेजारी अन्नाच्या हिशेबात न बसणारे जादा मीठ जेथे आढळेल, तेथे थांबून पाहणे अवश्य आहे.